फॉर्मची शेवटची तारीख

आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या ताईंनी परवा मुलाचं प्रगतीपुस्तक दाखवायला आणलं होतं. सातवीला ७८ टक्के. आता आठवीत, महापालिकेच्या शाळेत. मी सहज विचारलं, "एनएमएमएसला बसवलंत का?" ताई नुसत्या बघत राहिल्या.

एनएमएमएस म्हणजे केंद्र सरकारची शिष्यवृत्ती. आठवीत एक परीक्षा, निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२ हजार रुपये. सरकारी, पालिकेच्या नि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी, घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. म्हणजे ज्यांच्यासाठी योजना, नेमकं त्यांच्याच घरात तिचं नाव ठाऊक नाही.

मी माण तालुक्यातला. वडील तुर्भ्याच्या मार्केटात माथाडी, शिक्षण चौथी. आई अंगठेबहाद्दर. प्रगतीपुस्तकावर तिचा निळा अंगठा उमटला की मला वर्गात लाज वाटायची, म्हणून सहावीपासून तिच्या नावाची सही मीच ठोकू लागलो. (तिला हे कधीच सांगितलं नाही.) पण संध्याकाळी दिवा लागला की पोरानं पुस्तक उघडलंच पाहिजे, यात तिनं सूट दिली नाही. शिक्षणाची किंमत आमच्या घरात कुणापेक्षा कमी नव्हती. कमी होती ती माहिती.

दहावीनंतर डिप्लोमा की अकरावी, असं विचारलं तर वडील म्हणाले, "तू शिकलेला, तुलाच कळतंय." पंधरा वर्षांच्या पोराला! मित्रानं डिप्लोमाचा फॉर्म भरला, मीही भरला. उत्पन्नाचा दाखला लागतो हे कळेस्तोवर मुदत संपली. पहिल्या वर्षाची फीसवलत गेली आणि आईची बोरमाळ सोनाराकडे.

माझी लेकही आठवीत आहे. आमच्याकडे जेवताना सीईटी, जेईई, आयसर असलं काहीबाही चालू असतं, ते तिच्या कानावरून जातंच. लोक म्हणतात, पोरगी हुशार आहे. आहेच. पण त्यातली निम्मी हुशारी माझ्या मोबाइलमधल्या रिमाइंडरची आहे. "जिद्द असली की शिकता येतं" म्हणणाऱ्यांच्या घरी दाखले कोण काढतं, एवढंच मला विचारायचंय.

एनएमएमएसचा अर्ज शाळेमार्फतच जातो, म्हणून शनिवारी ताईंबरोबर शाळेत गेलो. चार दिवस शिल्लक होते. "वर्गात सांगितलं होतं," सर म्हणाले. सांगितलंही असेल. मुलानं घरी येऊन कुणाला सांगायचं?

गेटबाहेर आल्यावर ताई जरा थांबल्या. त्यांची थोरली दहावीनंतर कपड्यांच्या दुकानात लागलीय.

"दादा, हे आमच्या थोरलीच्या वेळी पण होतं का?"

"होतं," मी म्हणालो.