मणिभवन गांधीजींचं नव्हतं

'मुंबईत गांधीजींचा स्वतःचा तीन मजली बंगला होता' असा मजकूर गामदेवीच्या मणिभवनाच्या फोटोसह सध्या फिरतोय. घर खरं, फोटोही खरा. मालकी मात्र चुकीची. लॅबर्नम रोडवरचं हे घर 1912 सालचं, रेवाशंकर जगजीवन झवेरी यांच्या कुटुंबाचं. तळमजला आणि वर दोन मजले, रस्त्याकडे लाकडी कठड्यांच्या गॅलऱ्या. सुखवस्तू गुजराती घर, महाल नव्हे.

झवेरी गांधीजींचे स्नेही. 1917 ते 1934 या काळात मुंबईत आले की गांधीजी त्यांच्याकडे उतरायचे. म्हणजे पाहुणे! 'सतरा वर्षं तिथंच राहिले' हेही खरं नाही. 1930 पर्यंत त्यांचा मुक्काम मुख्यतः साबरमतीला होता. घरावरून रोज जाणाऱ्या एका पिंजाऱ्याला वर बोलावून कापूस पिंजून घेण्याची सोय मात्र इथेच झाली, आणि मग खोलीत चरखा घुमू लागला. मला या घरातलं हेच सगळ्यात आवडतं.

4 जानेवारी 1932 च्या पहाटे पोलिसांनी त्यांना पकडलं तेही इथेच, गच्चीवरच्या तंबूत. बंगल्याचा मालक तंबूत कशाला झोपेल? 1955 मध्ये घर गांधी स्मारक निधीकडे गेलं. आज तिथं संग्रहालय आणि ग्रंथालय आहे.