लिगामेंट गेलं म्हणे, पण कुठलं ते तरी विचारा

कुठल्याही हॉकीपटूचा गुडघा गेला की एक ठरलेला मजकूर फिरायला लागतो, नाव तेवढं बदलतं, बाकी शब्दन् शब्द तोच. त्यात पाच दावे आहेत. बर्फावर पाय सटकतो म्हणून आइस हॉकीत गुडघे जातात. लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधणारी पट्टी, फाटलं की करिअर संपलं, आइस हॉकीतला बॉबी ऑर बघा. ऑपरेशनशिवाय लिगामेंट जुळत नाही. ऑपरेशननंतर 6 महिन्यांत खेळता येतं, जास्त घेतो तो टाइमपास करतोय. आणि ऑपरेशन केलेला गुडघा आधीपेक्षा दणकट होतो. आता दुसरा आणि पाचवा दावा एकाच वेळी खरा कसा असेल हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक!

मी डॉक्टर नाही, वर्षानुवर्षं हॉकी बघणारा आणि एकदा स्वतःचा एमसीएल ताणून घेऊन फिजिओच्या शिव्या खाल्लेला माणूस आहे. पण या मजकुरातली मूळ गडबड कळायला डॉक्टर असावं लागत नाही, त्यात 'लिगामेंट' हा शब्द असा वापरलाय जसं काही गुडघ्यात एकच दोरी आहे. मुख्य चार असतात. आतल्या बाजूला एमसीएल, बाहेरच्या बाजूला एलसीएल, आणि सांध्याच्या मधोमध एकमेकांवर फुली मारून गेलेले एसीएल आणि पीसीएल. चौघांचा स्वभाव वेगळा, लागायची पद्धत वेगळी, भरून यायची पद्धत तर फारच वेगळी.

बर्फाचं आधी घेऊ, कारण ते नेमकं उलटं आहे. एसीएल फाटायची नेहमीची पद्धत म्हणजे पाय जमिनीत रुतलेला आणि अंग वळलेलं, कोणी हातही लावलेला नसतो. फुटबॉल, बास्केटबॉल, आणि आपली टर्फवरची हॉकी यात हे होतं, कारण बूट टर्फ धरून ठेवतो आणि खेळाडू वाकून पळता पळता एकदम दिशा बदलतो. बर्फावर स्केट पुढे निसटू शकतं, त्यामुळे उलट बऱ्याचदा गुडघा वाचतो. आइस हॉकीत सगळ्यात जास्त मार खातो तो एमसीएल आणि तोही बहुतेकदा टकरीत, म्हणजे स्केटची धार बर्फात रुतलीये, वजन त्याच पायावर आहे आणि समोरचा बाहेरून येऊन गुडघ्यावर आदळतो, की गुडघा आत मोडतो. एनएचएलच्या, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकीच्या मोठ्या लीगच्या, नियमपुस्तकात गुडघा मारण्यासाठी वेगळा नियमच आहे, 50 नंबरचा. नुसतं सटकून गुडघे जात असते तर असा नियम कोणाविरुद्ध लावणार होते, बर्फाविरुद्ध?

आता करिअर संपलं हा दावा. ऑरचं नाव घेतात ते बरोबरच आहे, 1978 मध्ये अवघ्या 30 व्या वर्षी तो थांबला आणि गुडघ्यामुळेच थांबला. पण अर्धीच गोष्ट सांगतात. गुडघ्यावर बरीच ऑपरेशन्स होऊन गेल्यावर 1974-75 च्या सीझनला त्याने 46 गोल आणि एकूण 135 पॉइंट्स (गोल आणि दुसऱ्याच्या गोलला केलेली मदत मिळून) केले आणि डिफेन्समन असून अख्ख्या लीगमध्ये पहिला आला. आणि तो काळ बघा ना, दुर्बिणीचं ऑपरेशन तेव्हा रुळलेलं नव्हतं, गुडघा मोठा उघडायचे आणि मेनिस्कस फाटला की सरळ काढून टाकायचे. मेनिस्कस म्हणजे दोन हाडांमधली गादी. ती काढली की हाडावरचा कूर्चा, म्हणजे गुळगुळीत आवरण, झिजायला लागतो, आणि लिगामेंट कितीही छान असलं तरी झिजलेल्या गुडघ्यावर रोज खेळता येत नाही.

नंतरच्या एनएचएल खेळाडूंकडे बघा. इव्हगेनी माल्किनचा फेब्रुवारी 2011 मध्ये एकाच गुडघ्याचा एसीएल आणि एमसीएल दोन्ही फाटले, ऑक्टोबरला सीझन सुरू झाला तेव्हा तो परत आलेला होता आणि त्या सीझनला 50 गोल, 109 पॉइंट्स, लीगमध्ये पहिला आणि वर हार्ट ट्रॉफी, म्हणजे लीगच्या सर्वात मोलाच्या खेळाडूचा मान. पावेल बुरेचा उजवा गुडघा 1995 ला गेला, 1998-99 ला पुन्हा गेला, आणि त्यानंतरच्या दोन सीझनला त्याने 58 आणि 59 गोल मारले. शेवटी गुडघ्यानेच त्याला थांबवलं हेही खरंय, ते लपवायचं कारण नाही. आणि आपल्याकडचं उदाहरण तर समोर आहे, भारताचा गोलकीपर श्रीजेश. मे 2017, अझलन शाह कप, ऑस्ट्रेलियाविरुद्ध गुडघा गेला, परत आला तो जानेवारी 2018 मध्ये. त्यानंतर टोकियोचं ब्राँझ आणि पॅरिसचं ब्राँझ. टोकियोत जर्मनीविरुद्ध शेवटच्या सेकंदांचा तो पेनल्टी कॉर्नर ज्याने अडवला तो या मजकुराच्या हिशेबाने चार वर्षांपूर्वीच संपलेला गोलकीपर होता!

खरं लांबवर बाहेर बसवतं ते काय, तर गॅब्रिएल लँडेस्कॉग. 2022 च्या जूनमध्ये स्टॅनली कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, जिंकला आणि त्यानंतर एनएचएलची पुढची मॅच खेळला 23 एप्रिल 2025 ला, 1032 दिवसांनी. मे 2023 मध्ये त्याच्या गुडघ्यात ऑपरेशन करून बसवला तो कूर्चा, लिगामेंट नव्हे. म्हणून बातमीत 'लिगामेंट टेअर' वाचलं की मी पहिल्यांदा कुठलं ते बघतो, आणि लगेच मेनिस्कस आणि कूर्च्याचं काय ते शोधतो, कारण खेळाडू कधी आणि कसा परत येणार हे बऱ्याचदा तिथे ठरतं.

ऑपरेशनशिवाय जुळत नाही, हे एमसीएलच्या बाबतीत तर साफच चुकीचं. तो सांध्याच्या पोकळीबाहेर आहे, रक्तपुरवठा चांगला आहे, त्यामुळे एकटाच फाटला असेल तर बहुतेकदा ब्रेस आणि व्यायाम यांवरच भरून येतो, थोडा ताणला असेल तर एकदोन आठवड्यांत खेळाडू परत, पूर्ण फाटला असेल तर दीडदोन महिने किंवा त्याहून थोडं जास्त. एसीएल सांध्याच्या आत, तिथल्या द्रवात बुडालेला, फाटलेल्या टोकांमध्ये रक्ताची गाठ धरायलाच जागा नाही, म्हणून तो सहसा शिवून भागत नाही, नवा स्नायुबंध घालावा लागतो. म्हणजे या मजकुराने एसीएलचा नियम उचलून सगळ्यांना लावलाय. आणि पीसीएल? एनएचएलचाच कॉनर मॅकडेव्हिड एप्रिल 2019 मध्ये गोलपोस्टवर आदळला, पीसीएल पूर्ण फाटला, नडगीचं हाड मोडलं, मेनिस्कसही फाटले. त्याने ऑपरेशन न करता रिहॅब, म्हणजे व्यायाम-उपचारांनी गुडघा सावरणं, निवडला आणि ऑक्टोबरमध्ये पहिल्याच मॅचला उतरला, त्या सीझनला 64 मॅचेसमध्ये 97 पॉइंट्स. यावरून कोणीही घरी बसून बरं व्हावं असं मी म्हणत नाहीये, त्याच्यामागे अख्खी टीम दिवसभर राबत होती, पण ऑपरेशनशिवाय अशक्य म्हणणाऱ्याने याचं काय करायचं ते सांगावं.

6 महिन्यांचा दावा मला सगळ्यात धोकादायक वाटतो, कारण तो वाचून पोरं स्वतःचे गुडघे घालवतात. एसीएलच्या जागी जो ग्राफ्ट घालतात, म्हणजे स्वतःच्याच वाटीखालचा किंवा मांडीमागचा स्नायुबंध, तो घातल्या दिवशी जिवंत लिगामेंट नसतो. शरीर त्यात हळूहळू रक्तवाहिन्या घालतं आणि त्या उलथापालथीत तो आधी आणखी कमजोर होतो, साधारण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात सगळ्यात नाजूक. आणि नेमकं तेव्हाच दुखणं थांबलेलं असतं, सूज उतरलेली असते, खेळाडूला वाटतं झालो आपण ठणठणीत! 2016 मध्ये एक अभ्यास छापून आला होता, एसीएलचं ऑपरेशन झालेल्या खेळाडूंवरचा, त्यात 9 महिन्यांपर्यंत पुनरागमन जितके महिने पुढे ढकललं तितक्या प्रत्येक महिन्यामागे पुन्हा दुखापत व्हायचं प्रमाण 51 टक्क्यांनी कमी आढळलं. आता माल्किन आठ महिन्यांत आला आणि श्रीजेशही साधारण तितक्यातच, म्हणून 9 हा काही दगडावर कोरलेला आकडा नाही. पण नुसतं कॅलेंडर बघून उतरवत नाहीत, मांडीची ताकद दुसऱ्या पायाच्या निदान 90 टक्के आली का, एका पायावर उडी मारून उतरताना गुडघा आत जातो का, हे मोजतात. मग आइस हॉकीवाला आधी सरळ स्केटिंग करतो, मग वळणं, मग अचानक ब्रेक, आणि टक्कर सगळ्यात शेवटी. टर्फवाल्याला वाकून धावता धावता दिशा बदलायची असते आणि ड्रॅग-फ्लिकरला, म्हणजे पेनल्टी कॉर्नरला चेंडू ओढून गोलकडे फेकणाऱ्याला, तर पुढच्या पायावर लांब झेप घेऊन अंग पिळायचं असतं, त्यामुळे 'बरा झाला' याचा अर्थ प्रत्येकाला वेगळा, आणि गोलकीपरचा आणखीनच वेगळा.

राहिला दणकट गुडघ्याचा दावा. ग्राफ्टची दोरी मजबूत असेलही, पण मूळ एसीएलमध्ये जाणीव देणारे मज्जातंतू असतात, पाय कुठल्या कोनात आहे ते मेंदूला कळवणारे, ते ग्राफ्टबरोबर तसेच्या तसे येत नाहीत, म्हणून तर एका पायावर तोल सांभाळायचे ते कंटाळवाणे व्यायाम महिनोन्महिने. शिवाय एसीएल गेलेल्या गुडघ्यात पुढे दहा-वीस वर्षांत संधिवाताची शक्यता वाढते, ऑपरेशन करा किंवा नका करू. एनएचएलच्या स्टीव्ह यझरमनचंच बघा, 1988 मध्ये गुडघ्याचं लिगामेंट गेलं, त्याच गुडघ्यावर तो पुढे वर्षानुवर्षं खेळला, 2002 चा कप तर अक्षरशः लंगडत जिंकला आणि लगेच हाड कापून गुडघ्याचा भार दुसऱ्या बाजूला सरकवायचं ऑपरेशन करून घेतलं. फेब्रुवारी 2003 मध्ये परत आला आणि 2006 पर्यंत खेळला. संपलाही नाही आणि दणकटही झाला नाही.