तुमच्या शेवटच्या वाक्याबद्दल

नमस्कार.

जपानीच्या वर्गातली साकुबुन, म्हणजे निबंध, मी कशी तपासते यावर गेल्या आठवड्यात लिहिलं होतं. त्यावर 'एक जुना विद्यार्थी' या नावाने तुम्ही प्रतिक्रिया दिलीत. ती आधी जशीच्या तशी देते, म्हणजे मी सोयीचं तेवढंच उचललं असं कुणाला वाटायला नको. तिच्यातली जेएलपीटी म्हणजे जपानी भाषेच्या प्रावीण्याची परीक्षा, आणि ट्रस्कॉट म्हणजे परभाषेतल्या लेखनाचे एक अभ्यासक.

"जेएलपीटीत लेखन विचारतच नाहीत, मग निबंधाला गुण देण्याचा अट्टहास कशाला? कशाला किती गुण, हे तुम्ही मुलांना आधी लेखी देत नाही असं तुमच्याच लेखातून दिसतं. हाने राहिली म्हणून अर्धा गुण कापणं जपानमधल्या 2016 च्या मार्गदर्शक सूचनांनाही धरून नाही. व्याकरणाच्या दुरुस्त्यांनी लेखन सुधारत नाही हे ट्रस्कॉट यांनी 1996 मध्येच मांडलं आहे. एकूण काय, बाई, तुम्हाला विद्यार्थ्यांपेक्षा तुमचं लाल पेन जास्त प्रिय आहे."

चार दिवस मी काही लिहिलं नाही. रागाच्या भरात लिहिलेली वही दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचून मगच द्या, असं मी मुलांना सांगते, तेच स्वतः पाळलं.

जे बरोबर आहे ते आधी मान्य करते. हाने म्हणजे कांजीतली, म्हणजे जपानीत वापरतात त्या चिनी अक्षरांतली, रेघ संपवताना पेन झटकून काढलेला छोटा हूक. रेघ कुठे थांबवायची, कुठे झटकायची, कुठे निमुळती ओढायची, हे शिकवलंच पाहिजे. पण हाताने लिहिताना असे बारीक फरक होतात, आणि अक्षराचा सांगाडा ओळखता येत असेल तर ती चूक धरू नये, असंच त्या 2016 च्या सूचनांचं म्हणणं आहे. मी मात्र सवयीने अर्धा गुण कापत आले. इथे तुमचं बरोबर आहे. पण म्हणून कांजीची प्रत्येक चूक हानेच्या हिशेबात टाकू नका. 'मात्सु' म्हणजे वाट पाहणं आणि 'मोत्सु' म्हणजे हातात धरणं, या दोन्हींच्या कांजीत उजवीकडे 'देऊळ' या अर्थाचंच अक्षर असतं. डावीकडचा भाग बदलला की अर्थ बदलतो. तिथे मी गुण कापते आणि पुढेही कापेन.

बाकीच्या तीन वाक्यांना फार वेळ देत नाही. जेएलपीटी 1984 पासून होते आहे आणि तिच्यात निबंध नाही, हे ती परीक्षा देणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. परीक्षेत नाही म्हणून शिकवायचं नाही, हे मला पटत नाही, एवढंच. गुणांची वाटणी मी वर्गात तोंडी सांगते: वीसपैकी मजकुराला आठ, व्याकरणाला सहा, शब्द आणि कांजीला चार, मांडणीला दोन. ज्याचं लक्ष असतं तो लिहून घेतो. आणि ट्रस्कॉट यांच्या लेखाला डेना फेरिस यांनी 1999 मध्ये उत्तर दिलं, तेही वाचा. वाद तेव्हाही मिटला नव्हता, आपण दोघं इथे मिटवणार नाही.

आता शेवटचं वाक्य.

त्यातली 'बाई' आधी घेते. मला वर्गात सेन्सेई, म्हणजे शिक्षक, म्हणतात. माझी आई नगरपालिकेच्या शाळेत शिकवायची, तिला मुलं बाई म्हणायची. त्या हाकेत मान असतो हे मी घरातच पाहिलं आहे. तुम्ही 'एकूण काय' च्या मागोमाग, दोन स्वल्पविरामांच्या मध्ये जी 'बाई' बसवलीत ती त्या जातीची नाही. ती बाईला गप्प करायला वापरतात. मराठी वाचणाऱ्या माणसाला हा फरक कळतो आणि लिहिणाऱ्याला तर कळतोच कळतो. मुद्दा कितीही खरा असो, असं लिहिलं की तो वाचणाऱ्यापर्यंत पोचत नाही.

माझं लाल पेन कुठून आलं ते सांगते. 1994 साली, एकोणीस वर्षांची असताना, मी जपानी शिकायला लागले. जपानहून आलेल्या एक शिक्षिका आम्हाला शिकवायच्या. पहिलं साकुबुन परत आलं तेव्हा पानावर अकरा टिका होत्या. आपल्याकडे बालवाडीपासून टिक म्हणजे बरोबर. मी सायकल दामटत घरी आले, आईला वही दाखवली, आईने शेजारच्या काकूंना बोलावून दाखवली आणि माझ्या हातावर साखर ठेवली. दुसऱ्या दिवशी वर्गात कळलं की जपानमध्ये बरोबरला गोल करतात आणि टिक बहुतेक वेळा चुकीवर असते. अकरा चुका होत्या. त्या रात्री मी आईला काही सांगितलं नाही, आणि ते मला आजही बोचतं. त्या संस्थेत वर्षानुवर्षं भारतीय मुलं शिकत होती, तरी हे आम्हाला आधी सांगावं असं कुणालाही सुचलं नव्हतं. त्या शिक्षिकांच्या मात्र लक्षात आलं. वर्ग सुटल्यावर त्या माझ्याशेजारी बसल्या आणि एकेक टिक घेऊन तिथे काय हवं होतं ते समजावलं. तास गेला असेल. माझं जपानी त्या तासात सुरू झालं असं मी मानते.

म्हणून मी नुसती खूण करत नाही. शब्दाखाली रेघ ओढते आणि समासात प्रश्न लिहिते. याला तुम्ही पेनाचं प्रेम म्हणता.

मागच्या सहामाहीत एका मुलाने आजोबांच्या रास्ता पेठेतल्या किराणा दुकानावर लिहिलं. गेन्कोयोशीच्या, म्हणजे एका चौकोनात एक अक्षर लिहायच्या जपानी कागदाच्या, चारशे चौकोनांत मिळून पंचवीसेक चुका. त्यातलं एक वाक्य होतं, 'ओजिइसान वा मिसे ओ शिमारिमाशिता.' हे जपानीत चालत नाही. 'शिमारु' म्हणजे आपोआप बंद होणं, त्याला कर्म लागत नाही. बंद करणं म्हणजे 'शिमेरु'. आपल्याकडे तुटणं-तोडणं, फुटणं-फोडणं आहे तशीच ही जोडी. मी 'शिमेमाशिता' असं लिहून पुढे जाऊ शकले असते, दहा सेकंदांचं काम होतं. पण मुलाला काय म्हणायचं होतं ते मला माहीत नव्हतं. मी समासात लिहिलं: आजोबांनी दुकान बंद केलं की दुकान बंद पडलं?

पुढच्या शनिवारी तो वही घेऊन आला आणि म्हणाला, "सेन्सेई, मी घरी विचारलं. बाबा म्हणतात पडलं. आजोबा म्हणतात, मी बंद केलं." मग मी त्याला तिसरा शब्द दिला, 'तातामु'. म्हणजे घडी घालणं. तातामी चटईचं नावही त्यावरूनच आलं आहे. कायमचं दुकान बंद करण्याला जपानी माणूस 'मिसे ओ तातामु' म्हणतो, आपण दुकान गुंडाळलं म्हणतो तसंच. त्याने ते वाक्य पुन्हा लिहिलं. स्वतःच्या आजोबांबद्दल बाहेरच्या माणसाला सांगताना 'ओजिइसान' नाही, 'सोफु' म्हणायचं, हेही त्याच पानावर शिकला. पहिल्या खेपेला त्याला व्याकरणात सहापैकी दीड होता. मजकुराला मी आठपैकी आठ दिले होते, आणि वर हानामारु, म्हणजे पाकळ्यांचा गोल, काढला होता. तोही लाल पेनानेच.

हा मुलगा लाल शाई बघून लिहायचा थांबला नाही. तो आजोबांकडे गेला.

आणखी एक उदाहरण देते, कारण 'व्याकरणाच्या दुरुस्त्या' हे शब्द तुम्ही फार सहज वापरलेत. दरवर्षी मी मुलांना सिंहगड रस्त्यावरच्या पुणे-ओकायामा मैत्री उद्यानात नेते आणि त्यावर लिहायला सांगते. मराठीत बागेत तळं आहे, बागेत फोटो काढले, बागेत फिरलो. तिन्ही ठिकाणी 'बागेत'. जपानीत तळं आहे तिथे 'नि', फोटो काढले तिथे 'दे', आणि फिरलो तिथे 'ओ', कारण फिरताना आपण बाग ओलांडत, तुडवत जातो. मराठी मुलं तिन्हीकडे 'नि' लावतात, आणि त्यांना ते शंभर टक्के बरोबर वाटतं, कारण डोक्यात 'बागेत' असतं. कुणीतरी रेघ ओढल्याशिवाय ही चूक त्यांना दिसणार कशी? वाचून वाचून आपोआप कळेल म्हणता? माझ्याकडे एन-टू, म्हणजे जेएलपीटीची वरून दुसरी पातळी, पास झालेली माणसं येतात, कागदावर चांगले गुण मिळवलेली, आणि पाच ओळी लिहायला सांगितल्या की त्यातच 'देस-मास' ही बोलण्यातली अदबीची शैली आणि 'दे आरु' ही लेखी शैली यांची मिसळ करतात. त्यांना कधी कुणी लिहायलाच लावलेलं नसतं.

माझी एक विद्यार्थिनी हिंजवडीत नोकरीला आहे. पहिल्या महिन्यात तिने जपानमधल्या ग्राहकाकडच्या विभागप्रमुखांना ईमेलच्या शेवटी 'गोकुरोसामा देशिता' असं लिहिलं. हे वरिष्ठाने कनिष्ठाला म्हणायचं असतं. वरच्या माणसाला म्हटलं तर ते उद्धट वाटतं. पलीकडून कुणी रागावलं नाही. फक्त पुढचे मेल तिला यायचे थांबले, तिच्या वरिष्ठाला यायला लागले. ती माझ्याकडे रडत आली होती. ज्या संस्थेत ती आधी शिकली तिथे तिच्या निबंधांवर फक्त आकडा असायचा, 14, 15, 14. एक शब्द नाही. तुम्हाला मुलांना दुखवायचं नाही, हे मला समजतं. पण न दुखवण्याचा हा असा हिशेब मुलं नंतर चुकता करतात, आणि तेव्हा आपण तिथे नसतो.

तेवीस वर्षं मी हे करते आहे. एका वहीला पंचवीस मिनिटं लागतात. एका तुकडीत वीसच्या आसपास मुलं. जेवणं आटोपली की टेबल पुसते आणि बसते. आई शेवटी आजारी होती तेव्हा तिच्या उशाशी बसून वह्या तपासल्या आहेत, तिला त्या लाल रेघा बघायला आवडायच्या. हे मी दया मिळवायला सांगत नाही. तुम्हाला मी न पाहिलेली माणसं विद्यार्थी म्हणून प्रिय असतील. माझे विद्यार्थी मला त्यांच्या चुकांसकट ओळखता येतात, अक्षरावरून नाव सांगते.

आणि 'जुना विद्यार्थी' म्हणजे कुणाचा? माझे असाल तर तुम्हाला माझा फोन नंबर माहीत आहे, आणि माझ्या समोर बसून हे बोलला असतात. माझे नसाल तर ते नाव घेऊन आधार मिळवण्याचं कारण नव्हतं. यापुढे नाव लिहिलेल्या प्रतिक्रियांनाच उत्तर देईन.

हानेचं मात्र मनावर घेतलं आहे. काल रात्री या तुकडीच्या एकोणीस वह्या पुन्हा काढल्या. सात जणांचे मिळून साडेचार गुण मी हानेपायी कापले होते. ते परत दिले आहेत, शेजारी तारीख घालून सही केली आहे, आणि शनिवारी वर्गात सगळ्यांसमोर तसं सांगेन. गुणांची वाटणीही त्याच दिवशी छापून देईन. शेवटचं वाक्य तुम्ही मागे घ्यावं अशी माझी अपेक्षा आहे.