फेडरर नाही आला म्हणून काय झालं?

‘मोठे खेळाडू येतच नव्हते, मग पुण्यातल्या बालेवाडीची एटीपी (पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसची) स्पर्धा गेल्याचं दुःख कशाला’ हा लेखातला सूर पटला नाही. २०१९ची फायनल आठवा. ३९ वर्षांचा कार्लोविच आणि केविन अँडरसन, दोघेही पावणेसात फुटांच्या आसपास, तिन्ही सेट टायब्रेकला (६-६ बरोबरीनंतरच्या निर्णायक गेमला)! शेवटी अँडरसन जिंकला, पण स्टेडियम कार्लोविचच्या बाजूने ओरडत होतं. सलग रॅली बघायची असेल त्याला हा सामना कंटाळवाणा वाटेल, मान्य. पण एवढ्या उंचीवरून येणारी सर्व्हिस टीव्हीवर कळत नाही हो. त्याच वर्षी दुहेरीत बोपण्णा-शरण जिंकले, ते तर लेखात आलंच नाही.

राहिला प्रश्न नावांचा. २०२३नंतर ही एटीपी २५० दर्जाची (विजेत्याला २५० गुण देणारी) स्पर्धा गेली आणि पुण्यात चॅलेंजर, म्हणजे त्याखालच्या दर्जाची स्पर्धा, उरली. २०२४ला ती जिंकली मोनॅकोच्या व्हॅशेरोने. तेव्हा किती जणांना तो माहीत होता? त्याच पठ्ठ्याने २०२५मध्ये पात्रता फेरीतून येऊन, जागतिक क्रमवारीत २०४वा असताना, जोकोविचला हरवत शांघाय मास्टर्स ही ग्रँड स्लॅमच्या खालोखालची स्पर्धा जिंकली.

यंदा चॅलेंजर झाली तर आठवड्यातल्या दुपारचे सामने जरूर बघा. गर्दी नसते.