डॅमेज दुप्पट केला म्हणजे गेम कठीण झाला का?

रिमास्टर (जुन्या गेमची चकचकीत केलेली नवी आवृत्ती) आला की पहिली चर्चा टेक्श्चरची, म्हणजे चित्राच्या पोताची. 'झेल्डा: ट्वायलाइट प्रिन्सेस एचडी'चंही २०१६ मध्ये तेच झालं. २००६चा हा गेम मेलबर्नच्या टँटलस स्टुडिओनं निन्टेंडोच्या वी यू या गेमयंत्रासाठी घासूनपुसून लख्ख केला आणि ते काम चोख आहे. पण मूळ गेमबद्दलची जुनी तक्रार चित्राची नव्हतीच. गोष्ट इतकी काळीकुट्ट आणि लढाई मात्र पोरखेळ, अशी ती तक्रार होती. त्यावर उतारा म्हणून हीरो मोड हा कठीण पर्याय आला, आणि माझ्या मते औषध भलत्याच जागी लावलं गेलं.

हीरो मोडमध्ये तुम्हाला बसणारा डॅमेज, म्हणजे फटक्यानं होणारं नुकसान, दुप्पट होतो आणि गवत कापून, मडकी फोडून मिळणारे हार्ट (गेममध्ये जीव यातच मोजतात) बंद होतात. शिवाय सगळा नकाशा आरशात पाहिल्यासारखा उलटा होतो. (वी या आधीच्या यंत्रावरच्या मूळ आवृत्तीतही तसंच होतं. नायक लिंक उजव्या हाताचा व्हावा म्हणून अख्खी दुनिया उलटवली, त्यामुळे तिथे सूर्य पश्चिमेला उगवतो.) खलनायक गेनॉनडॉर्फचा अमीबो (निन्टेंडोची चिप बसवलेली बाहुली) यंत्राला टेकवला की डॅमेज आणखी दुप्पट, म्हणजे मूळच्या चौपट. शत्रूंचं वागणं मात्र जसंच्या तसं.

आता हिशोब करा. सुरुवातीला तीन हार्ट असतात. अर्ध्या हार्टचा फटका मारणारा शत्रू तुम्हाला सहा फटक्यांत संपवतो, हीरो मोडमध्ये तीन फटक्यांत. इथे फरक जाणवतो. शेवटी वीस हार्ट झाले की तोच हिशोब चाळीसाचा वीस होतो. एका खोलीत वीस फटके कोण खातो? म्हणजे गेम शिकायच्या काळात जीव मेटाकुटीला येतो आणि शेवटच्या हायरूल किल्ल्यात पोचेपर्यंत आपण हात हलवत चालतो. चढण उलटी लागली. शिवाय चार बाटल्या आहेत. त्यांत परी भरून ठेवली की मेल्यावर ती आपोआप उठवते, आणि निळं औषध प्यायलं की सगळे हार्ट भरतात.

त्यात एचडीनंच एक भोक पाडलंय. मॅजिक आर्मर घातलं की जखम हार्टला न होता खिशाला होते, रुपी (गेममधला पैसा) असेपर्यंत तुम्ही अभेद्य. मूळ गेममध्ये पाकीट ३०० रुपींपासून सुरू होऊन फार तर १००० पर्यंत जायचं. एचडीत ते ५००पासून सुरू होतं, २०००पर्यंत जातं, आणि वुल्फ लिंकचा अमीबो असेल तर केव्ह ऑफ शॅडोज ही लढायांची गुहा पार केल्यावर थेट ९९९९. कठीण मोड द्यायचा आणि त्याच डब्यात चिलखताला बारमाही इंधनही द्यायचं!

गंमत म्हणजे खरी कठीण लढाई कशी रचायची, हे याच गेमला ठाऊक आहे. शॅडो बीस्ट हे राक्षस आठवा. शेवटचा एक उरला की तो किंचाळतो आणि मेलेले सगळे उठून बसतात. म्हणून शेवटचे दोघे एकाच वेळी मारावे लागतात. यात डॅमेजचा आकडा कुठेच नाही, नियम आहे. किंवा टेंपल ऑफ टाइममधला डार्कनट हा चिलखती योद्धा: आधी जड चिलखतात संथ, एकेक पत्रा उतरवत जा, आणि सगळं उतरलं की तोच माणूस हलका होऊन अंगावर धावून येतो, तलवार फेकून मारतो. केव्ह ऑफ ऑर्डील्स या लढायांच्या दुसऱ्या गुहेच्या तळाशी असे तिघे एकदम येतात, तेव्हा बॅक स्लाइस हा पाठीवर वार करायचा डाव येत असूनही घाम फुटतो.

म्हणजे रिमास्टरमध्ये करायला हवं होतं ते असं. पहिल्या तीन डन्जनमध्ये (कोडी आणि लढायांच्या बंदिस्त टप्प्यांत) डॅमेजला हातच लावू नका. चौथ्या, आर्बिटर्स ग्राउंड्सपासून कुठलाही फटका किमान एक हार्टचा, आणि शेवटाकडच्या पॅलेस ऑफ ट्वायलाइटनंतर किमान दोनचा. घोळक्यातले शत्रू रांगेत पाळी लागल्यासारखे उभे राहतात, तिथे एका वेळी दोघांना हल्ल्याची मुभा द्या. पण इथे एक खड्डा आहे: शत्रूवर नेम लॉक केल्यावर कॅमेरा एकाच शत्रूवर खिळतो, त्यामुळे पडद्याबाहेरच्यानं पाठीत वार केला तर लोक शत्रूला नाही, कॅमेऱ्याला शिव्या घालतील. म्हणून मुभा फक्त पडद्यावर दिसणाऱ्यांना. परी एका डन्जनला एक. आणि बॉसची, म्हणजे डन्जनच्या शेवटच्या मोठ्या शत्रूची, तब्येत अजिबात वाढवू नका. तीनदा केलेलं तेच पाचदा करायला लावणं ही शिक्षा झाली.

आज कुणाला खेळायचाच असेल तर: वी यूचं ऑनलाइन दुकान, ईशॉप, मार्च २०२३ मध्ये बंद झालं, नव्यानं घेणार असाल तर डिस्कच शोधा. हीरो मोड लावा, हार्टची संख्या वाढवणारे हार्ट कंटेनर आणि तुकडे उचलू नका, तीन हार्टवरच राहा, मॅजिक आर्मर विकत घेऊ नका, बाटलीत परी नको. अमीबो सुरुवातीला टाळा. हाताशी सगळे डाव आले की मग टेकवा.

गोष्टीच्या टोनबद्दलही अशीच चुकीची मागणी होते: रक्त दाखवा. या मालिकेत अमेरिकेत 'टीन' (तेरा वर्षं आणि पुढे) रेटिंग मिळालेला हा पहिला गेम, आणि तो रक्ताशिवायच पुरेसा भयाण आहे. गेनॉनडॉर्फच्या छातीतून ऋषींची तलवार आरपार जाते आणि तो तरीही उठतो. आणखी काय हवं?

कमी पडते ती आठवण. काकारिको गावात पोचल्यावर बॉम्बवाला बार्न्स सांगतो की दुकानवाल्या बाईला राक्षसांनी नेलं, लोक तिला सोडवायला गेले तर ती सापडलीच नाही, मात्र राक्षस एकानं वाढला होता. पोरं ऐकतायत म्हणून गावचा वैदू रेनाडो त्याला गप्प करतो. त्याच गावात तुम्ही शॅडो बीस्ट मारता. त्यांत ती बाई होती का? गेम पुन्हा कधी हा विषय काढत नाही. गावाला लागूनच स्मशान आहे, तिथे तिच्यासाठी एक दगड आणि रेनाडोच्या तोंडी एक वाक्य घालायला कितीसा खर्च होता? उलट तिच्या रिकाम्या दुकानात काही दिवसांनी तान्ह्या चेहऱ्याचा मालो 'मालो मार्ट' थाटतो. आपण हसत हसत त्याच फळीवरची २०० रुपींची हायलियन ढाल घेऊन बाहेर पडतो.