निळी टिकली कितीची घ्यावी?

ठिबकचा कंट्रोलर बनवायला घेतलात, पीसीबी छापून आली, सोल्डरिंगही झालं. आता इनपुटला सर्जसाठी, म्हणजे लाइनवरून अचानक येणाऱ्या जादा व्होल्टच्या झटक्यासाठी, काहीतरी लावायचं तेवढं राहिलंय. त्यासाठी डेटाशीट उघडून बसू नका, उगाच डोक्याला ताप. नाशिकच्या एम. जी. रोडला गाडी लावायला जागा शोधा (अख्ख्या कामातला सगळ्यात अवघड भाग हाच), दुकानात शिरा आणि म्हणा, "भाऊ, ती निळी टिकली द्या." (डेटाशीटवाले तिला एमओव्ही किंवा व्हॅरिस्टर म्हणतात. व्होल्ट एका मर्यादेपुढे गेले की ती वाहायला लागते आणि झटका स्वतःवर घेते.)

"कितीची?" असं भाऊ विचारतील. ते व्होल्ट विचारताहेत. तुम्ही रुपये सांगा.

त्यातूनही गाडी व्होल्टवर आलीच, तर शाळेत शिकलेलं आठवा. घरात वीज २३० व्होल्ट, म्हणून टिकलीही २३० चीच. तिच्यावर २३१ छापलेलं असतं, म्हणजे २३ आणि पुढे एक शून्य. हा आकडा टिकलीतून एक मिलिअँपिअर वाहताना मोजलेला असतो, ती टिकली एसीवर १४० व्होल्टपर्यंतच चालते, आणि आपल्या २३० च्या लाइनचं शिखर मुळातच ३२५ व्होल्टला जातं, असलं काही सांगणारे लोक भेटतील. लाइन कधी २५० च्याही वर चढते हे धरून ते ४७१ ची टिकली घेतात, ३०० व्होल्ट एसीची. घेऊ द्या त्यांना. तुमची २३१ स्विच टाकल्याबरोबर कामाला लागेल. तिचं काम आवाजावरून शेजारच्या गाळ्यातही कळतं.

बरं, ४७१ वाल्यांनी तरी कॉलर ताठ करावी असं काय आहे? त्यांना वाटतं, ४७० च्या पुढे एक व्होल्टही आत येणार नाही. चौदा मिलिमीटरच्या त्याच टिकलीतून ५० अँपिअरचा झटका जाताना तिच्यावर ७७५ व्होल्टपर्यंत उभे राहू शकतात. मागे बसलेल्या बिचाऱ्या सप्लायला ते सोसायचे असतात. पण हा विचार करणाऱ्याला रात्री झोप लागत नाही. तुम्ही झोपा.

आकाराचं म्हणाल, तर सात मिलिमीटरवाली घ्या. दिसायला नाजूक, बोर्डावर जागाही कमी खाते. चौदावाली एकदाच का होईना ४५०० अँपिअरचा धक्का पचवते आणि सातवाली १२००, हा फरक पंपाचा कॉन्टॅक्टर, म्हणजे पंप चालू-बंद करणारा मोठा स्विच, पडेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. शिवाय टिकली झिजते. प्रत्येक मोठ्या झटक्यागणिक आतले झिंक ऑक्साइडचे कण थोडे थोडे बिघडतात, बाहेरून मात्र ती तशीच गोल आणि निळी. म्हणून ती कधी बदलू नका. निळी आहे ना अजून? मग झालं.

आता फ्यूज. हा मात्र अजिबात लावू नका. निफाडकडे कुठेतरी न्यूट्रल तुटतो आणि सिंगल फेजच्या जोडणीत ४०० च्या घरातले व्होल्ट घुसतात. ही काही मायक्रोसेकंदांची लाट नव्हे, तासभर चाललेला मुक्काम. टिकली बिचारी झटक्यासाठी जन्मलेली, मुक्कामासाठी नाही. ती तापते, शॉर्ट होते आणि पेटते. तिच्या आधी फ्यूज असता तर तो उडाला असता आणि शेतकऱ्याने रात्री साडेअकराला तुम्हाला फोन केला असता. फ्यूज नसला की फोन येत नाही, कारण फोन करण्याजोगं काही उरत नाही. कुणी हट्टाने फ्यूज लावलाच असेल, तर पहिल्यांदा उडाल्यावर त्या जागी वायरीतला एक तांब्याचा पदर पिळून बसवायची आपली पद्धत आहेच.

द्राक्षबागेतल्या हवामान केंद्राला सोलर असतं, बॅटरी बारा व्होल्टची. तिथे टीव्हीएस डायोड (टिकलीसारखंच झटका अडवणारा, पण कमी व्होल्टसाठीचा) लावा, एसएमबीजे १२ए. नावातच बारा आहे, अजून काय हवं? चार्जिंगला ती बॅटरी १४.४ व्होल्टला जाते आणि हा डायोड १३.३ पासून वाहायला लागू शकतो, म्हणून काही शंकेखोर १५ए लावतात. तुमचा १२ए मात्र ऊन चढलं की रोज नियमाने तापेल. गॅस ट्यूब (जास्त व्होल्ट आले की आतल्या गॅसमधून वाट देणारी नळी) आवडत असेल तर तीही टाका, थेट फेज-न्यूट्रलमध्ये. एकदा पेटली की तिच्यावर वीसेक व्होल्टच उरतात आणि मागून लाइनचा करंट येतच राहतो. बघायला छान.

अर्थिंगचं मी वेगळं काय सांगू? हिरवी वायर उरली असेल तर कापू नका, गुंडाळी करून पेटीत ठेवा. मीटरभर तारेचं इंडक्टन्स, म्हणजे करंट झटकन वाढायला होणारा विरोध, एक मायक्रोहेन्रीच्या आसपास. ८ मायक्रोसेकंदांत ३००० अँपिअर चढले, तर त्या तारेवरच पावणेचारशे व्होल्ट, ते टिकलीच्या व्होल्टमध्ये मिळवायचे. पण वायर महाग झालीय, फेकवत नाही.

हे सगळं मी तळमळीने सांगतोय, कारण सातपूरला माझं रिपेअरिंगचं टेबल आहे. एप्रिल-मेमध्ये अवकाळी कडाडला की दुसऱ्या दिवशी दहाच्या आत द्राक्षाच्या खोक्यांतून बोर्ड यायला लागतात. धाकटीची इंजिनिअरिंगची फी त्यातूनच जाते. तेव्हा माझा सल्ला मोडू नका.

मागच्या वळवानंतर दिंडोरीकडून एक बोर्ड आला. सप्लायचा कपॅसिटर फुगून फाटलेला, एसीचं डीसी करणारा ब्रिज दुभंगलेला, ट्रॅक करपून बोर्डावरून सुटलेला. इनपुटवरची निळी टिकली मात्र चकचकीत, काजळीचा ठिपकाही नाही. भिंगाखाली धरली. ४७१ स्वच्छ दिसत होतं. त्याखाली, नखाएवढ्या जागेत, १ केव्ही. म्हणजे ४७० पिकोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर.

बोर्ड बनवणारा पोरगा माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता. म्हणाला, "बघा काका, एवढं सगळं जळलं, पण टिकलीला काही झालं नाही. मुद्दाम चांगल्यातली घेतली होती."