मतदारसंघनिहाय कुपोषण : पस्तीस मुलांवरून काय कळतं?

पाच वर्षांखालची किती मुलं खुजी (वयाच्या मानाने कमी उंचीची) आहेत, याचा विधानसभा मतदारसंघनिहाय नकाशा आम्ही मॉडेलने, म्हणजे संख्याशास्त्रीय अंदाजाने, काढतो. त्यावरची तुमची प्रतिक्रिया सविस्तर होती, म्हणून उत्तरही जरा लांबणार आहे. तुमचे आक्षेप थोडक्यात असे: एनएफएचएस-५ चा (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीचा) नमुना जिल्ह्यासाठी आखलेला आहे, त्याचे विधानसभा मतदारसंघांत तुकडे पाडणं म्हणजे आकड्यांचा खेळ, मॉडेल अमरावती जिल्ह्यातल्या डोंगरी मेळघाटाला ओढून जिल्ह्याच्या सरासरीत बसवणार, आणि अंगणवाडीत मुलांची वजनं-उंच्या होतातच, तर पोषण ट्रॅकरचे (अंगणवाड्यांच्या नोंदींच्या सरकारी ॲपचे) आकडे सरळ का घेऊ नयेत?

पहिला आक्षेप रास्त आहे, आणि तो किती रास्त हे मोजताही येतं. एनएफएचएस-५ मध्ये देशभरातल्या ७०७ जिल्ह्यांत ३०,१९८ क्लस्टर (नमुन्यात निवडलेली गावं किंवा शहरी वस्त्या) होते, म्हणजे जिल्ह्यामागे सरासरी ४३. अमरावती जिल्ह्यात विधानसभेच्या आठ जागा. ही सरासरी धरली तर एकेकीच्या वाट्याला पाच क्लस्टर येतात. क्लस्टरमागे २२ कुटुंबं, आणि त्यांत मोजमाप झालेली पाच वर्षांखालची मुलं साधारण सात. झाली ३५ मुलं. त्यांतली ३५ टक्के खुजी निघाली, तर प्रमाण त्रुटी (नमुना लहान असल्याने आकडा साधारण किती इकडेतिकडे होतो, त्याचं माप) आठ टक्क्यांची येते. पण एकाच गावातली मुलं खाण्यापिण्यात, पाण्यात, आजारांत एकमेकांसारखी असतात. त्यासाठी डिझाइन इफेक्ट (या सारखेपणामुळे त्रुटीचा वर्ग किती पट होतो, तो गुणक) दीड धरला की त्रुटी दहावर जाते. ९५ टक्के खात्रीचा पट्टा मग १६ ते ५४ असा पसरतो. हा आकडा आमदारांच्या टेबलावर ठेवण्यात काही अर्थ नाही. म्हणून मतदारसंघाची थेट सरासरी आम्ही छापतच नाही.

मग जिल्ह्याचाच आकडा का देत नाही? कारण अमरावतीच्या एका आकड्यात सातपुड्यातले, म्हणजे मेळघाटातले, धारणी-चिखलदरा आणि खारपाणपट्ट्यातलं (खाऱ्या भूजलाच्या सपाट भागातलं) दर्यापूर एकत्र कालवलेलं असतं. हा आकडा दोघांच्याही उपयोगाचा नाही. मॉडेल लागतं ते इथे.

आता मेळघाट. मॉडेल ओढतं हे खरं. कशाकडे ओढतं, हा प्रश्न आहे. हिशोब सोपा करून सांगतो (प्रत्यक्षात तो टक्क्यांवर नव्हे, लॉजिट नावाच्या मोजपट्टीवर चालतो). समजा, मतदारसंघांमधला खरा फरक ६ टक्के प्रमाण विचलनाचा (सरासरीभोवतीच्या पसाऱ्याच्या मापाचा) आहे आणि नमुन्याची त्रुटी १० ची. वर्ग केले की ३६ आणि १००. थेट आकड्याला मिळणारं वजन ३६ भागिले १३६, म्हणजे ०.२६. एखाद्या डोंगरी मतदारसंघाचा थेट आकडा ५४ आला आणि आपण त्याला ३६ च्या सरासरीकडे ओढलं, तर उत्तर येतं सुमारे ४१. तुमची भीती नेमकी हीच, आणि नुसत्या सरासरीकडे ओढणारं मॉडेल खरंच हा घोळ घालतं. यावर उपाय म्हणजे सरासरीऐवजी त्या मतदारसंघासाठी अपेक्षित असलेल्या आकड्याकडे ओढायचं. हा अपेक्षित आकडा गावागावांसाठी उपलब्ध माहितीवरून बांधतात: २०११ च्या जनगणनेतलं अनुसूचित जमातींचं प्रमाण आणि स्त्री-साक्षरता, समुद्रसपाटीपासूनची उंची, ग्रामीण रुग्णालयापर्यंतचं रस्त्याचं अंतर, रात्रीच्या दिव्यांची उपग्रहचित्रं. त्यावरून अपेक्षा ४८ ची निघाली, तर तोच ५४ खाली येऊन साडेएकोणपन्नासवर थांबतो. डोंगर डोंगरच राहतो.

यात एक मेख आहे. सर्वेक्षणातल्या क्लस्टरचे जीपीएस बिंदू मुद्दाम हलवलेले असतात, कुटुंबांची ओळख पटू नये म्हणून: शहरात २ किलोमीटरपर्यंत, ग्रामीण भागात ५ पर्यंत, आणि शंभरातला एक ग्रामीण बिंदू १० पर्यंत. बिंदू जिल्ह्याबाहेर जात नाही, पण मतदारसंघाची सीमा बिनदिक्कत ओलांडतो. परतवाड्याच्या वर घाटाच्या तोंडाशी असलेला बिंदू मेळघाटातला की अचलपुरातला, हे नकाशावर नुसतं टिंब टाकून ठरवायचं नसतं. त्याभोवती ५ किलोमीटरचं वर्तुळ काढायचं, जिल्ह्याच्या सीमेवर कापायचं, आणि आतली लोकसंख्या कोणत्या मतदारसंघात किती पडते त्या प्रमाणात तो क्लस्टर वाटायचा. समुद्रसपाटीपासूनची उंचीही वर्तुळाची सरासरी घ्यायची, टिंबाची नव्हे. घाटात ५ किलोमीटरमध्ये काही शे मीटरचा फरक पडतो. हे न करता केलेले नकाशे बरेच फिरतात आणि दिसतातही छान.

ट्रॅकरबद्दल. त्यात मुलं कितीतरी पटींनी जास्त आहेत, पण ती अंगणवाडीत नोंद असलेली आणि मोजायला आणलेली मुलं. शहरी वस्त्यांतली, खासगी बालवाडीतली, आणि दिवाळीनंतर कामासाठी गाव सोडून होळीला परतणाऱ्या कुटुंबांतली मुलं सुटतात. शेवटची सुटतात ती बहुधा अधिक कुपोषित असतात. संख्या वाढल्याने हा कल जात नाही.

दुसरी अडचण मोजण्याची. दोन वर्षांखालच्या मुलाची लांबी इन्फंटोमीटरवर आडवं झोपवून घेतात आणि त्याला दोन माणसं लागतात. एकाने डोकं पाटीला टेकवून धरायचं, दुसऱ्याने गुडघे दाबून तळव्यांना सरकती पाटी लावायची. सेविका एकटी असली की गुडघे दुमडलेलेच राहतात आणि सेंटिमीटरभर लांबी कमी भरते. त्यात जन्मतारीख अंदाजाने टाकलेली. लांबी ८०.३ सेंटिमीटर असलेला मुलगा २१ महिन्यांचा असेल तर खुजा नाही (त्या वयाची खुजेपणाची रेषा ७९.४), २३ महिन्यांचा असेल तर खुजा (रेषा ८१). दोन महिन्यांच्या चुकीने मूल या यादीतून त्या यादीत.

अशा चुका एकमेकींना खोडून काढतील असं वाटतं, पण तसं होत नाही. झेड-स्कोअर म्हणजे मुलाची उंची त्याच्या वयाच्या निरोगी मुलांच्या मध्यापासून किती प्रमाण विचलनं दूर आहे, ते; उणे २ च्या खाली मूल खुजं. त्याची सरासरी उणे १.४ आणि प्रमाण विचलन १.२ असेल तर उणे २ च्या खाली ३१ टक्के मुलं येतात. सरासरी तीच ठेवून निव्वळ ढिसाळ मोजणीने विचलन १.६ झालं, की ३५ टक्के. चार टक्के कुपोषण नुसत्या टेपने वाढलं. उलट काही बीटांत (एका पर्यवेक्षिकेकडच्या अंगणवाड्यांच्या समूहांत) विचलन ०.७-०.८ दिसतं, तिथे मोजण्याऐवजी मागच्या महिन्याच्या आकड्यात थोडी भर घालून नोंदी भरल्याचा संशय घ्यावा. म्हणून ट्रॅकर सत्य म्हणून न घेता, विचलन आणि शेवटच्या अंकांची ०-५ वरची गर्दी (आकडे गोल करून लिहिल्याची खूण) तपासून, बालविकास प्रकल्पनिहाय आकडा मॉडेलमध्ये एक सहायक चल म्हणून, म्हणजे अपेक्षित आकडा बांधायला मदत करणारी माहिती म्हणून, घालावा. ग्रामीण भागात प्रकल्प सहसा तालुक्याएवढा असतो, त्यामुळे तो मतदारसंघाशी जुळवणं जड जात नाही.

नकाशा लुकडेपणाचा (उंचीच्या मानाने कमी वजनाचा) का नाही, असंही तुम्ही विचारलंत. एनएफएचएस-५ मध्ये महाराष्ट्रात खुजी मुलं ३५.२ टक्के, देशाच्या ३५.५ च्या जवळपास; लुकडी मात्र २५.६, देशात १९.३. म्हणजे प्रश्न लुकडेपणाचा मोठा, हे मान्य. पण लुकडेपणा ऋतूप्रमाणे कमी-जास्त होतो, आणि राज्यातलं सर्वेक्षण जून ते डिसेंबर २०१९ मध्ये झालं. एका मतदारसंघात पथक भर पावसात गेलं आणि शेजारच्यात दिवाळीनंतर, तर नकाशात मतदारसंघ कमी आणि ऋतू जास्त दिसेल. महिन्याचा परिणाम वेगळा काढता येतो. पाच क्लस्टरांवर मात्र तो धड निघत नाही.

लोकसभेचा आकडा हवा असेल तर सहा विधानसभांची साधी सरासरी काढू नका. धामणगाव रेल्वे आणि मोर्शी अमरावती जिल्ह्यात असूनही वर्धा लोकसभेत आहेत, त्यामुळे ‘अमरावती’ जिल्हा आणि ‘अमरावती’ लोकसभा यांचे आकडे वेगळे येणारच. वजन द्यायचं ते पाच वर्षांखालच्या मुलांच्या संख्येचं, मतदारांच्या नव्हे. आणि सहा पट्ट्यांची सरासरी म्हणजे लोकसभेचा पट्टा नव्हे: मॉडेलच्या ४,००० सोडतींपैकी (एक सोडत म्हणजे सगळ्या मतदारसंघांच्या आकड्यांचा एक संभाव्य संच) प्रत्येकीत भारित सरासरी काढायची, मग त्या ४,००० उत्तरांतलं खालचं-वरचं अडीच टक्के टोक छाटायचं.

याच सोडतींमुळे क्रमवारी टाळता येते. ‘हा मतदारसंघ राज्यात २८८ पैकी ११ वा’ असं म्हणू नये, कारण पुढच्या सोडतीत तो ६० वा असतो. ४,००० पैकी ३,४०० सोडतींत आकडा ४० च्या वर असेल, तर ‘४० च्या वर असण्याची शक्यता ८५ टक्के’ एवढंच लिहावं. विधानसभेतल्या तारांकित प्रश्नाला एवढा आधार पुरतो.

जिल्हा परिषद गटनिहाय आकडे मात्र या सर्वेक्षणातून मागू नका. कित्येक गटांत एकही क्लस्टर पडलेला नसतो, आणि गटरचना निवडणुकीआधी बदलते. गटासाठी अंगणवाडीच्याच नोंदी घ्याव्या लागतील, पण त्याआधी गटातली काही मुलं दोन माणसांनी, चांगल्या इन्फंटोमीटरवर, जन्मदाखला पाहून पुन्हा मोजा आणि नोंदीशी ताडा.